वडाखाली अडलेलं वऱ्हाड

तेव्हा तापीवर पूल नव्हता. प्रकाशाला नावेतून उतरून माझं वऱ्हाड ब्राह्मणपुरीकडे निघालं, तेव्हा आमचा डफ गुजरातेत ऐकू जात होता. काठावरच्या वडावर इतकी वटवाघळं लटकलेली, की पानांना जागा कशी मिळाली कोण जाणे. तिथे एक अनोळखी नावाडी वल्हं आडवं धरून घोड्यापुढे उभा राहिला.

"वाजा बंद करा."

"लोके हसतीन, भाऊ," वडील म्हणाले. "मुक्या वऱ्हाडले कोन पोर दी?"

त्याने मान न उचलता नुसतं वर बोट केलं. "नवरदेवनं लगीन अजून व्हवानं शे. वर लेकुरवाळ्या शेतस, पोरं छातीले चिटकेल. दचकीसन उडन्यात तं पोरं खाले पडतीन."

तापीचा पूर मागे फिरवतील असे हट्टी माझे वडील, पण त्यांनी डफावर हात ठेवला. वऱ्हाड चपला हातात घेऊन गेलं. घोडासुद्धा, खरं सांगतो, टाचा उचलून चालला.

झाड मागे पडल्यावर नावाड्यानेच डफवाल्याला खूण केली आणि थेट ब्राह्मणपुरीपर्यंत माझ्यापुढे नाचला. सासरी आजही विचारतात, जावईबापूंचे ते मामा कुठले?

मी सांगतो, प्रकाशाचे.