सहीच्या आधी आलेलं नाव

मी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, आणि जर्सीच्या पाठीवर नावं शिवायला तेवढं पुरतं. पुंडलिकनगरात घरीच मशीन आहे. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

माझी मुलगी कॉलेजला आहे, कबड्डी खेळते. यंदा मुलींची लीग निघाली तेव्हा तिनं मला नियम सांगितला. प्रत्येक संघाला पगाराची सारखीच मर्यादा, त्याच्यावर एक रुपया द्यायचा नाही. "म्हणजे मम्मी, पैसेवाल्याला सगळ्या चांगल्या पोरी एकट्याला उचलता येणार नाहीत. सिल्लोडसारख्या छोट्या गावचा संघपण जिंकू शकतो." सिल्लोडवाले तिला कर्णधार करणार होते. करारावर सह्या रविवारी होत्या.

शुक्रवारी शहरातल्या एका बिल्डरच्या संघाचा मॅनेजर जर्स्यांची पिशवी आणि नावांची यादी देऊन गेला. यादी वाचता वाचता माझा हात थांबला. मुलगी ज्या तिघींच्या चढाईचं कौतुक करायची, त्या तिघी त्यात होत्या. आणि शेवटचं नाव तिचं स्वतःचं. या चौघी एका संघाच्या मर्यादेत बसतात कशा? आणि सहीच्या आधी नाव कसं?

संध्याकाळी आमचे हे पेढे घेऊन आले. इतकी वर्षं कंत्राटावर होते, आता बिडकीनच्या कंपनीत कायम होणार म्हणाले.

"कुणी लावलं?"

"बिल्डरसाहेबांची ओळख. तू पेढा खा."

पेढा मी हातातच धरला. "आणि पोरीला पगार?"

"कागदावर थोडाच. मर्यादा आहे ना! पण घरात येतंयच की."

मुलगी दारात उभी होती. "म्हणजे पप्पा, खेळायचं मी आणि पगार तुम्हाला?"

"लई शहाणी झालीस," हे म्हणाले आणि टीव्ही लावला.

शनिवारी मॅनेजर आला. बाकी सगळ्या जर्स्या तयार होत्या, एक कोरी.

"काकू, ही राहिली?"

"सही झाल्यावर लावते." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तो हसला. "सही झाल्यातच जमा धरा."

"नाय," आतून मुलगी म्हणाली. "मी सिल्लोडकडून खेळणार."

यांचं काम कायम झालं नाही. जेवायला बसतात, पण माझ्याकडं बघत नाहीत. बाकीच्या तिघी बिल्डरकडंच गेल्या. कागदावर मर्यादा अगदी पाळलेली. एकीच्या भावाच्या दारात नवी गाडी उभी आहे. तिथून जाताना मी त्या गाडीकडं बघतेच.

परवा सिल्लोडच्या संघाचे मालक पिशवी घेऊन आले. "ताई, आमच्या सगळ्या जर्स्या तुम्हीच शिवा. कर्णधाराची आई तुम्ही, दर दुप्पट देऊ."

पिशवी मी उंबऱ्याबाहेरच ठेवली. "बाकीच्या संघांना जो दर लावते, तोच," म्हणाले. "नाहीतर दुसरीकडं न्या."

ते बरं म्हणाले. तेव्हा कुठं मी पिशवी आत घेतली, आणि यातही तसलं काही नाही ना म्हणून यादी दोनदा वाचली.