सर पायउतार होतात

आमच्या टीमचे प्रमुख मूळचे नागपूरचे. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे बाकीचे त्यांना नावाने हाक मारत आणि मी एकटी 'सर' म्हणे. इथल्या, कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या गोदामांतला माल ज्या पाच सर्व्हरांवर नोंदला जातो, ते सरांनीच उभे केले होते. त्यांतला एक लीडर, बाकीचे त्याचं ऐकणारे. लीडरला दुरुस्तीसाठी बंद करायचं असेल, तर त्याने आधी नवीन काम घेणं थांबवायचं, हातातलं सगळं दुसऱ्याला पोचतं करायचं, "आता तू घे" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. सर हे प्रत्येक नव्या माणसाला डोळे मिटून, तल्लीन होऊन समजावत.

मग सर स्वतःच रिटायर व्हायला निघाले. त्यांच्या जागी इथेच वाढलेली एक पंजाबी मुलगी नेमली गेली. सरांनी तिला सगळं सोपवलं, म्हणजे तिच्या खुर्चीमागे स्वतःची खुर्ची आणून ठेवली.

पहिल्याच अपग्रेडला तिने लीडरला पायउतार व्हायचा हुकूम दिला. लीडरने शहाण्यासारखं नवीन काम घेणं थांबवलं. सर ताडकन उठले.

"अगं, हा काम का घेत नाहीये?"

"सर, तो सोपवतोय. थांबा ना जरा," मी म्हणाले.

"मला शिकवतेस? मी बसवलाय तो!" आणि त्यांनी आपल्या लॅपटॉपवरून लीडर सरळ रीस्टार्ट केला.

सोपवणं अर्धवट राहिलं. उरलेल्या चौघांनी आपापसात नवा लीडर निवडेपर्यंत गोदामांतले स्कॅनर गप्प, आणि आमचे फोन खणखणायला लागले. सगळं मार्गी लागल्यावर सरांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "मी होतो म्हणून निभावलं." त्या मुलीने नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या डेस्कशी आले. "माझा पासवर्ड चालत नाहीये गं."

"हो सर. तिने तुमचा अ‍ॅक्सेस काढलाय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर काढू दिला असतात?"

ते आपल्या खुर्चीकडे परत गेले. मला वाईट वाटलं. मग लंचच्या वेळी ते हेल्पडेस्कला फोन करून नवा पासवर्ड मागताना दिसले, आणि वाईट वाटायचं थांबलं.

निरोपाच्या पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणलेल्या जेवणाला, सरांनी भाषण केलं. विषय, जबाबदारी कशी सोडावी. तेवढ्या वेळात ती मुलगी मागच्या टेबलाशी बसून रखडलेलं अपग्रेड करत होती. एका लीडरने सोपवलं, दुसऱ्याने घेतलं, एकाही गोदामातून फोन आला नाही. तिने लॅपटॉप मिटला आणि माझ्या साबुदाणा वड्यांकडे वळली. सर अजून प्रस्तावनेतच होते.