कॅप्टनच्या कबरीशेजारची जागा

पीटर, माझा नवरा, गेला त्याला वर्ष झालं होतं आणि त्याच्या अस्थींचा डबा कॅनडातल्या आमच्या ओकव्हिलच्या घरी बेसमेंटमध्येच होता. नागपूरच्या माझ्या मनाला ते रोज टोचायचं. पण सासऱ्यांचा, वॉल्टर यांचा, हट्ट होता की पीटरला कॅप्टनशेजारीच पुरायचं. कॅप्टन म्हणजे त्यांचा मूळपुरुष. अमेरिका स्वतंत्र होताना इंग्लंडच्या राजाची बाजू घेतली म्हणून मॅसॅच्युसेट्स सोडून जहाजासकट कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशियात आलेला. शेवटी जूनमध्ये आम्ही दोघं निघालो.

विमानात अस्थी हातातल्या बॅगेत न्या आणि दहनाचा दाखला जवळ ठेवा. हॅलिफॅक्सला उतरून गाडी भाड्याने घ्या, कॅप्टनच्या गावाला बस जात नाही. किनाऱ्याच्या रस्त्याला वेळ जास्त लागतो, पण वाटेत हॅडॉक माशाचं गरम चावडर, म्हणजे दुधातलं दाट सूप, मिळतं. मला ते मिळमिळीत लागलं. वॉल्टरनी चमचाही उचलला नाही.

"डॅड, थोडं तरी खा."

"आय'म गुड, डिअर."

दफनभूमी गावच्या चर्चमागे आहे. लांब पँट घाला, गवतात गोचिड्या असतात. चर्चची देखरेख करणाऱ्या बाईंनी आम्हाला कुंपणापर्यंत नेलं. पुढे जमीनच नव्हती, खाली भरतीचं पाणी होतं.

"जुना भाग वादळांत ढासळला," त्या म्हणाल्या. "कॅप्टनची कबरही गेली. आता इथे नवीन दफन करत नाहीत. सो सॉरी."

मी चांगल्या मनानेच बोलून गेले, "डॅड, मग पाण्यातच सोडू या. कॅप्टनही तिथेच आहेत. आमच्यात पाण्यातच सोडतात."

वॉल्टरनी डबा छातीशी धरला. "कॅप्टनचे सगळे मुलगे, पोरंबाळं मागे ठेवून, समुद्राने नेले, सुनीता. एकाचंही प्रेत मिळालं नाही. पुरायला तेवढा तो एकटा मिळाला होता, आता तोही नेला. माझा मुलगा मी देणार नाही."

तो माझा नवराही होता, हे ओठांवर आलेलं मी गिळलं. परतीच्या रस्त्यात मी गाडी चालवली, वॉल्टरनी डबा मांडीवर धरला. इतकं एकटं मला पीटर गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

किनारा सुंदर आहे, जरूर जा. मला मात्र पुन्हा जायचं नाही. डबा परत बेसमेंटमध्ये, विंटर टायर्सच्या वरच्या फळीवर आहे. परवा धीर करून वॉल्टरना विचारलं, "इथेच ओकव्हिलला जागा बघू या का?"

"कुणाच्या शेजारी?" ते म्हणाले.

माझ्या, असं मी म्हणणार होते. पण माझ्या अस्थी पाण्यात सोडायच्या, हे मी आमच्या लेकीला कधीच सांगून ठेवलंय.