मन्नूबियामावशीनं परात झाकली

माझी मन्नूबियामावशी कैरुआनच्या जुन्या बाजारात मकरूद विकायची. रव्याच्या पारीत खजूर भरायचा, तळायचा, पाकात सोडायचा. काका वारले आणि समोरच्या मकरूदवाल्या शेदलीनं बाजारभर उठवलं, "मन्नूबियाच्या तेलाला वास येतो." गिऱ्हाईक तुटलं, दुकान गेलं. ते घेतलं शेदलीनंच. मावशी घरातून थोडंफार विकत राहिली आणि संधीची वाट बघत राहिली.

यंदा बेयाआजींच्या नातवाचं लग्न ठरलं. त्यांच्याकडे ज्याचा मकरूद जातो, त्याच्याकडे सगळं गाव वळतं. आजींनी चव बघायला दोघांनाही बोलावलं.

"आधी हिचा होऊ दे," शेदली म्हणाला. "शेवटची चव जिभेवर राहते."

"बरं दादा." मावशीचा आवाज इतका गोड होता की मी दचकले.

आजी अजून जेवायच्या होत्या. पहिला मकरूद त्यांनी डोळे मिटून खाल्ला, दुसरा हसत.

"माझी शपथ आजी, अजून एक!" मावशीनं आग्रह केला.

तिसरा गप्पांत गेला. चौथ्याला हात रेंगाळला. चहाच्या घोटाबरोबर तो कसाबसा उतरला. एकूण समाधान वाढत होतं, पण प्रत्येक नवा मकरूद त्यात आधीच्यापेक्षा कमी भर घालत होता. आणखी एक पोटात गेला असता, तर मिळालेलं समाधानही घटलं असतं.

मावशीनं परातीवर फडकं टाकलं. आमच्यात खाणाऱ्यासमोर परात अशी कुणी झाकत नाही.

"काय गं, मोजून आणलेस?" शेदली खदखदला.

"आजींच्या पोटाची काळजी, दादा. वाढा आता तुमचा."

शेदलीचा तो पहिलाच होता. आजींच्या पोटाला पाचवा. एक घास घेऊन त्यांनी तो खाली ठेवला. "बरा आहे रे, पण कसातरीच लागतोय."

मावशी पुढे वाकली. "तेलाला वास येतोय का हो, आजी?"

आजींनी मकरूद नाकाशी नेला. "तू म्हणतेस तर... येतोय खरा."

"काहीतरीच! सकाळीच ताजं तेल ओतलंय!" शेदली ओरडला.

"मीही तेव्हा हेच सांगत दारोदार फिरले होते, दादा."

लग्नाचं काम मावशीला मिळालं. निघताना तिनं शेदलीचा एक मकरूद रुमालात बांधून आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, तिनं तो सावकाश संपवला आणि बोटं चाटली.

"फर्मास बनवतो मेला," ती म्हणाली. मग डोक्यावर ओढणी घेऊन बाजारात निघाली, त्याच्या तेलाला वास येतो हे दुकानादुकानांत सांगायला.