आईच्या मेंदूतली अंतरं

आईला फिट येते. ती जिथून सुरू होते तो मेंदूचा छोटासा तुकडा ऑपरेशन करून काढता येईल, असं इथले, सोलापूरचे डॉक्टर म्हणाले आणि स्कॅनची सीडी माझ्या हातात दिली. अडचण एकच. बोलण्याचा भाग त्या जागेच्या फार जवळ असला, तर आईचं बोलणं जाऊ शकतं. आणि आमच्या घरात आईच्या बोलण्याशिवाय दुसरं असतं काय!

माझी नोकरी नेमकी यातलीच. घरी बसून पुण्याच्या एका लॅबसाठी प्रोग्राम लिहिते. मेंदूचा पृष्ठभाग कॉम्प्युटरवर बारीक बारीक त्रिकोणांच्या जाळीनं काढतात. जाळीतल्या प्रत्येक बिंदूचे शेजारी कोण, हे शोधायचं काम माझ्याकडे. म्हटलं, आईचा स्कॅन आपणच घालून बघू. घातला आणि बघते तर काय! बोलण्याच्या भागातले बिंदू फिटच्या जागेला अगदी खेटून!

जेवण जाईना, बसवेना. गच्चीवर जा, खाली ये, परत स्क्रीनसमोर. शेवटी आई वैतागली. "आगं, एका जागी टेक की जरा! फिट मला येती का तुला?"

मग डोक्यात प्रकाश पडला. प्रोग्राम हवेतून सरळ रेषेत मोजत होता, आणि मेंदूला तर घड्या असतात. साडीच्या निऱ्या एकमेकींना चिकटून असतात, पण काठावरून बोट फिरवत गेलं तर एकीपासून दुसरीपर्यंत वीतभर कापड निघतं, तसंच हे. मी त्रिकोणांच्या कडा धरून, एका बिंदूवरून त्याला जोडलेल्या बिंदूवर, असं मोजायला लावलं. दोन्ही भाग एका खाचेच्या समोरासमोरच्या भिंतींवर निघाले. कडेकडेनं गेलं तर एकमेकांपासून चांगले लांब! हुश्श केलं आणि तशीच दवाखान्यात पळाले, आईला घेऊन.

डॉक्टरांनी चित्र नीट पाहिलं. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले, "पण आमचं हत्यार घडीच्या कडेकडेनं जात नाही. आम्हाला दोन्ही अंतरं बघावी लागतात."

म्हणजे पहिलंही खरं आणि दुसरंही खरं. मग मी इतके दिवस केलं काय, डोंबल? असा राग आला! धोका किती, टक्के किती, मी तावातावानं विचारत सुटले. आईनं माझं मनगट धरलं.

"तू गप बस. डॉक्टर, बोलणं गेलंच, तर दोनी जातंय का? मराठी बी आन कानडी बी?"

"आत्ता सांगता येत नाही. कधी एक भाषा जास्त जाते, कधी दुसरी."

"मग तेवढी कानडी सांबाळा. वळसंगला माजी आई हाय. तिला मराठी कळत न्हाय. रोज माज्या फोनची वाट बगत बसती."

डॉक्टरांनी तेही फायलीत लिहून घेतलं. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "आणि माझ्याशी काय बोलणार तू?"

"तू शीक की. शिकलेली हायेस."

मला कानडीत फक्त 'जेवलीस का' एवढंच विचारता येतं.