कोऱ्या स्टेपनीची हवा

गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची टिंगल करण्यात माझी अर्धी हयात गेली. भूतबीत, करणीबिरणी... नाव काढलं की मी उठून जातो. तरी हे लिहितोय, कारण घरात माझं कुणी ऐकून घेत नाही.

मी यवतमाळला सरकारी ऑफिसात आहे. कार बारा वर्षांची. मागच्या वर्षी चारही टायर घासले, तेव्हा तीन नवे घेतले आणि चौथ्या जागी डिकीतली स्टेपनी लावली. एकदाही रस्त्याला न लागलेली, नक्षी जशीच्या तशी! वापरलीच नाही ती जुनी कशी होईल, असं माझं डोकं. जुने टायर भंगारात दिले, डिकी रिकामी. बायको बोलली, पण ती बोलतच असते.

सायली, आमची एकुलती एक. नागपूरच्या एका कंपनीत नोकरी मिळावी म्हणून तिची धडपड चाललेली. मला ते पसंत नव्हतं, कबूल करतो. इथेच काहीतरी बघ म्हणून मी रोज कुरकुर करायचो.

तिच्या लेखी परीक्षेच्या दिवशी सकाळी सहाला खाली आलो, तर पुढचं डावं चाक बसलेलं. तीच स्टेपनी! शेजाऱ्यांच्या गाडीने नागपूरला गेलो. दुसऱ्या दिवशी लोहारा रोडवर पंक्चरवाल्या शब्बीरभाईंकडे चाक नेलं. त्यांनी पाण्यात बुडवून पाहिलं, एक बुडबुडा नाही. हवा भरून घेतली. नंतर महिनाभर ऑफिस, भाजी, चतुर्थीला कळंबचा चिंतामणी... सगळीकडे फिरलो, चाक टणक.

मग कागदपत्रं तपासायला नागपूरला बोलावलं आणि त्या सकाळी चाक पुन्हा बसलं! सायली एसटीने गेली. शब्बीरभाई माझ्यावरच चिडले.

"साहेब, पंचर नाही तं मी काय नवं पाडू काय?"

तिसऱ्यांदा थेट इंटरव्ह्यू. आदल्या संध्याकाळी मी फाटकाला कुलूप घातलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली. सकाळी चाक जमिनीला टेकलेलं... व्हॉल्व्हचं टोपण घट्ट, कुलूप जागेवर. मी चाकाला लाथ घातली आणि नको नको ते बोललो. इतक्या सकाळी हवावाला कुठला उघडा असणार? पहिली एसटीही निघून गेली होती. सायली दीड तास उशिरा पोचली. तिचा नंबर केव्हाच होऊन गेला होता.

या वेळी शब्बीरभाईंनी टायर रिमवरून उतरवला आणि कडेला अंगठा दाबला. रबर पापडासारखं तडकलं.

"टायरवरचे हे चार आकडे कधी वाचले काय? पहिले दोन बनल्याच्या हप्त्याचे, मंगचे दोन सालाचे. बारा साल झाले याले! डिकीत पडल्या पडल्या बी रबर सुकते साहेब. नागपूर रोडले हे फुटलं असतं तं, पोरगी होती न गाडीत?"

मी त्या तड्यांवरून बोट फिरवलं.

"पण हवा कुठून गेली?"

"इथून तं नाही गेली. एकबी तडा आरपार नाही. मले काय विचारता?"

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सायली शांतपणे ऐकत होती.

"म्हणजे हवा गेली ते बरंच झालं न, बाबा. आता तरी खरं सांगा, मी नाही रागावणार. तुम्हीच सोडली न?"

मी शपथा घेतल्या, ओरडलो. मी नाही सोडली हो! वाटत होतं जाऊ नये तिने, रोज वाटत होतं. पण व्हॉल्व्हला हात लावला नाही. "मग कोणी?" असं ती विचारते. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर कृपा करून सांगा, मी हात टेकले.

परवा ती दुसऱ्या एका कंपनीच्या इंटरव्ह्यूला जाऊन आली. एसटीने. मला ती परत आल्यावर कळलं.