भूकंप ओळखणारा कुत्रा

आमचा कुत्रा चौदा वर्षांचा झाला आणि भिंतीकडे तोंड करून भुंकायला लागला. कोयनानगरात याचा एकच अर्थ लागतो, भूकंपाचा धक्का येणार. तो भुंकला की आम्ही गॅस बंद करून अंगणात यायचो आणि आम्हाला बघून सगळी कॉलनी बाहेर यायची. धक्का काही यायचा नाही, तरी कुत्र्याचा मान वाढत गेला. पुढे तो घरातच मुतायला लागला, मला ओळखेनासा झाला. तेव्हाही लोक म्हणाले, त्याचं सगळं ध्यान जमिनीकडं हाय.

शेवटी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "म्हातारपणानं ह्याचं डोकं चालेनासं झालंय. कोपऱ्यात शिरतो आणि मागं वळायचं विसरतो, म्हणून भुंकतो." मी हे कॉलनीभर सांगितलं. कोणी मनावर घेतलं नाही.

गेल्या आठवड्यात भरदुपारी खरंच धक्का बसला. मांडणीवरची भांडी खाली आली, आम्ही सगळे बाहेर पळालो. कुत्रा आत घोरत होता.

शेजारचे काका धापा टाकत म्हणाले, "कुत्रं उठलं न्हाई न्हवं? मग धक्का न्हवता."

त्यांच्यामागोमाग सगळी कॉलनी निवांत घरात गेली. मीही गेलो.